पन्नासावी ओळ

कांबळे मॅडम सकाळी संगणक सुरू केल्यावर लगेच अहवाल काढत नसत. आधी सेटिंगचं पान उघडायचं, चष्मा नाकावर ओढायचा आणि मोठ्याने वाचायचं, "यादीत वळी किती? तारीख कशी? मोकळा रकाना कसा दावायचा?" मग स्वतःच उत्तरं द्यायची. सांगलीच्या आमच्या रक्तपेढीत यावरून त्यांना हसणारे पुष्कळ होते. त्यांच्याच हाताखाली काम करणारा मीही त्यातलाच.

मॅडम लोणंदकडच्या, घरातल्या पहिल्या पदवीधर. इतकी वर्षं सांगलीत काढूनही बोलणं गावाकडचंच राहिलेलं. आमची पेढी आणि आसपासच्या गावांतली सहा लहान साठवण केंद्रं रक्ताच्या पिशव्यांची नोंद एकाच सॉफ्टवेअरमध्ये करायची. कुठल्या गावात कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, हे त्या अहवालावरून कळायचं. डॉक्टर तो कागद बघूनच निर्णय घ्यायचे. "यंत्र खोटं बोलत न्हाई रं," मॅडम मला सांगायच्या, "पण इचारलं तेवढंच सांगतंय. आन् किती सांगायचं ते कुणीतरी आदीच ठरवून ठेवल्यालं असतंय."

त्या दिवशी मॅडम सकाळपासूनच बैठकीला गेल्या होत्या. दुपारी बाराच्या सुमारास प्रसूती विभागातून फोन आला. बाळंतपणानंतर एका बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता. गट ओ निगेटिव्ह. आमच्याकडच्या पिशव्या सकाळीच एका अपघातात संपलेल्या. मी अहवाल काढला. सहाही केंद्रांत ओ निगेटिव्हची एकही पिशवी दिसेना.

"साताऱ्याला फोन लावा, गाडी काढा," डॉक्टर म्हणाले. सातारा अडीच तासांवर. बाईचा नवरा खिडकीशी उभा होता. सुट्टीवर आलेला जवान. हातात मागणीची चिठ्ठी, पाठ ताठ. त्याच्याकडे बघणं मला जमेना.

तेवढ्यात मॅडम आल्या. काय झालं ते ऐकलं, कागद घेतला आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवत खाली गेल्या. मला वाटलं, आता ही वेळ आहे का मोजत बसायची?

"बरोबर पन्नास?" त्या म्हणाल्या. "रगत काय पन्नासाच्या मापानं येतंय व्हय?"

आता मला आठवलं. आदल्या दिवशी मी नवा अहवाल बनवून बघत होतो. यादी पडद्यावर लवकर यावी म्हणून ओळींची मर्यादा पन्नास केली होती. ती फक्त माझ्यापुरती जतन करायची, तर मी सर्वांसाठी जतन केली. यादी गटांच्या क्रमाने लागायची, आणि ओ निगेटिव्ह सगळ्यांत शेवटी.

सेटिंगच्या पानावर बदल करणाऱ्याचं, म्हणजे माझं, नाव होतं; मॅडमनी ते वाचलं, मर्यादा काढली आणि अहवाल पुन्हा चालवला. पडद्यावर पन्नासच्या खाली आणखी ओळी उतरल्या. विटा, ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या. त्यांनी तिथेच फोन उचलला. "विटा? कांबळे बोलतीय सांगलीतनं. फ्रीज उघडा, पिशव्या डोळ्यानं बघा, मग मला सांगा. मी फोन धरून हाय."

पिशव्या होत्या. गाडी यायला सव्वा तास लागला. तेवढा वेळ मॅडम त्या जवानाशेजारी बाकावर बसून होत्या. मी आतूनच बघत राहिलो. संध्याकाळी वॉर्डातून निरोप आला, बाई धोक्याबाहेर आहे.

डॉक्टरांनी खाली येऊन विचारलं, "आधी का दिसलं नाही?"

"सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी..." मी सुरुवात केली.

"शेखर," मॅडम हळूच म्हणाल्या, "मी सांगितलं तर ती चुगली हुईल. तू सांगितलंस तर दुरुस्ती हुईल."

मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "लेखी द्या." मी दिलं. दुसऱ्या दिवशी मॅडमना म्हणालो, "सेटिंग बदलायचा माझा अधिकार काढून घ्या."

"का? दुसरा कुणीतरी नव्यानं चुकायला पायजे व्हय? चुकल्याला माणूस लय जपून हात लावतो. ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच."

पुढच्या वर्षी त्यांची साताऱ्याला बदली झाली. निरोपाला भाषण नको म्हणाल्या, सगळ्यांबरोबर चहा घेतला आणि एसटीने गेल्या. आठवड्याभरात त्यांचा निरोप आला. तिकडच्या अहवालाची मांडणी त्यांनी नव्याने लावली होती. सोबत कागदाचा फोटो आणि खाली एकच ओळ : बघ, माझं काय ऱ्हायलंय?

मी तासभर बघत होतो. एका केंद्राचं नाव अरुंद रकान्यात निम्मं कापलं जात होतं, त्यामुळे दोन गावं एकसारखी दिसत होती. मोबाईल दोनदा उचलून खाली ठेवला. ज्यांनी मला शिकवलं, त्यांची चूक मी कशी सांगायची? शेवटी फोन लावला आणि सांगून टाकलं.

पलीकडून खोलीतल्या कुणाला तरी सांगत असलेला त्यांचा आवाज आला, "थांबा, तो कागद वाटू नका. माझं चुकलंय."