पत्रकातली सातवी ओळ

माझ्या भाचीला अक्षरं वाचता येत नाहीत. ऐकलेलं मात्र सगळं लक्षात राहतं. क्षिप्रा नदी कुठून निघते, पान हिरवं का असतं, सव्वाशेतून सत्तेचाळीस वजा केले तर किती, हे ती जेवताजेवता सांगते. तेच छापून समोर ठेवलं की डोळे बारीक करते आणि म्हणते, "मावशी, सरकतंय." तेव्हा दहा वर्षांची होती, पाचवीत. आमच्या मध्य प्रदेशात पाचवीलाच बोर्डाची परीक्षा असते. त्या वर्षी घरात एकच काळजी होती, तिला प्रश्न कोण वाचून दाखवणार?

शाळेत तोवर तिच्या वर्गाच्या मॅम वाचून दाखवत होत्या. भैरवगढहून स्कूटीवर यायच्या. घरी कापडावर छपाईचं काम, त्यामुळे बोटांच्या पेरांत कधीकधी रंग राहिलेला असायचा. भाची पहिल्या बाकावर बसायची. ज्या प्रश्नावर अडेल त्यावर बोट ठेवायची. वर्गात फेऱ्या मारताना मॅम तिथे थांबायच्या, वाकून हळूच तो प्रश्न वाचायच्या आणि पुढे जायच्या. उत्तर कधीच सांगितलं नाही, फक्त प्रश्न. उत्तरं भाची आपली वेडीवाकडी लिहायची, पण समजतील अशी. सहामाहीत ती अशीच पास झाली.

हे तिच्या आईनं, माझ्या ताईनं, मला सांगितलं तेव्हा आधी खोलीचं दार लोटून घेतलं.

"कोणाला बोलू नकोस हं."

"का? चोरी आहे का?"

"चाललंय ना आपलं? चालू दे मग. तुझी मशाल घरीच ठेव."

मला ते लोटलेलं दारच सहन झालं नाही. कायद्यानं मिळायला हवं ते आपण उपकार म्हणून, दबक्या आवाजात का घ्यायचं? आणि ज्यांच्या मुलीला अशी मॅम मिळाली नाही, त्यांचं काय? मी पत्रकांवर वाढले. बाबा बँकेच्या नोकरीपायी महाराष्ट्रातून इथे आले आणि युनियनमध्ये रमले. देवास गेटला बस स्टँडवर त्यांच्याबरोबर मी शाळेच्या दप्तरातून पत्रकं काढून वाटलीत. पत्रकाच्या तीन घड्या घालायच्या, घडीवर नख ओढायचं, हे मला पाढ्यांच्या आधी आलं. लिहिण्याचे त्यांचे दोन नियम होते. पत्रकात विनंती नसते, मागणी असते. आणि चांगलं वागलेल्या माणसाचं श्रेय कधी बुडवायचं नाही.

मी दोन्ही नियम पाळले. हिंदीत एक पान लिहिलं. वाचायला अडचण असलेल्या मुलांना परीक्षेत प्रश्न वाचून दाखवणारा माणूस मिळालाच पाहिजे, ही मागणी. सातव्या ओळीत लिहिलं की याच शाळेत पाचवीच्या एक शिक्षिका कुठल्याही आदेशाविना, स्वतःच्या जोखमीवर हे काम करतात, त्यांना आमचा सलाम. नाव घातलं नाही. पाचवीला शिक्षिका एकच आहे, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. सलाम मोठ्या टायपात घेतला होता.

पालकसभेच्या दिवशी फाटकावर पत्रकं वाटली. भाचीनं हट्टानं अर्धा गठ्ठा घेतला. तिनं घातलेल्या घड्या माझ्यापेक्षा सरळ होत्या. मॅमना पत्रक तिनेच दिलं, धावत जाऊन.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी ताईला आणि मला बोलावलं. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. त्यांनी पाणी मागवलं.

"मैडम, आपने छापकर बाँट दिया कि हमारे यहाँ परीक्षा में टीचर मदद करती है. इसे लोग नकल कहते हैं."

"ये हक़ है, सर."

"बिल्कुल है. सर्टिफिकेट ले आइए, आदेश मैं खुद निकालूँगा."

समोरचा नाही म्हणेल, आवाज चढवेल, याची मला सवय होती. हा तर सगळं मान्य करत होता. खोटंही बोलत नव्हता. मॅमना पहिलीच्या वर्गावर पाठवलं होतं, तेही त्यांनी शांतपणे सांगितलं. चौकशी टळावी म्हणून, म्हणाले.

वाचता न येण्याच्या अडचणीचं ते सर्टिफिकेट मिळवायला आम्ही तीन खिडक्या फिरलो. तपासणी करणारे डॉक्टर बाहेरगावाहून येतात, आणि मिळालेली तारीख परीक्षेनंतरची होती. मी अर्ज लिहिले. सगळ्यांवर पोचल्याचे शिक्के मिळाले.

एकदा फाटकावर मॅम भेटल्या. मी माफी मागायला लागले, तर हेल्मेटचा पट्टा लावता लावता म्हणाल्या, "दीदी, लिखा तो आपने सही था. पर मुझसे एक बार पूछ लेतीं."

स्कूटी सुरू झाली. 

परीक्षेचं केंद्र दुसऱ्या शाळेत होतं; पाचवीवर असत्या तर मॅमची ड्यूटी तिथे लागली असती. मी अर्जांची फाइल घेऊन गेले. केंद्राध्यक्षांनी प्रत्येक कागद नीट वाचला आणि विचारलं, "इसमें आदेश कौन-सा है?" त्यात आदेश नव्हता. घंटा झाली. भाची एकटीच आत गेली.

रस्ता रुंदीकरणासाठी खणलेला होता. ताई आणि मी समोरच्या कडुनिंबाखाली धुळीत उभ्या राहिलो. ताईनं मशालीचा टोमणासुद्धा मारला नाही. तो मारला असता तर बरं वाटलं असतं.

अडीच तासांनी भाची बाहेर आली. ताईनं तिला पाणी दिलं.

"कसा गेला गं पेपर?"

"चित्रांचे दोन केले."

"आणि बाकीचे?"

"एका प्रश्नावर बोट ठेवलं होतं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मावशी, वर्गातले ते सर किती वेळा बाजूने गेले. त्यांना माहीत नव्हतं का?"

ताईनं बाटलीचं झाकण लावलं आणि तिचा हात धरून चालायला लागली. फाइल छातीशी धरून मी त्यांच्या मागे चालले.