कातडीतला पहारा

शाहूपुरीतल्या आमच्या कातडीच्या डॉक्टरबाई पेशंटच्या दंडावर आपली पाची बोटं फाकवून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "अशा पेशी बसल्यात तुझ्या कातडीत. हात पसरून. कोण आत घुसतंय, बघत." पेशंट स्वतःचाच दंड पहिल्यांदा दिसल्यासारखा बघत राहायचा. मीसुद्धा.

मी तेव्हा चळवळीत होतो. गावोगाव वाटायचं पत्रक छापण्याआधी बाईंना दाखवायला गेलो होतो. खाजेवरची एक ट्यूब तेव्हा चिठ्ठीशिवाय कुठंही मिळायची. लोक गजकर्णावर महिनोन् महिने चोळायचे आणि विकणाऱ्यांना लाज नव्हती! मी मथळा दिला होता, 'हे विष आहे'. बाईंनी तो खोडला.

"विष न्हाय, औषधच हाय. स्टेरॉइड. पण ते पहारेकऱ्यांना झोपवतं. भांडण थांबलं की खाज जाती, लाली जाती. बुरशी मात्र निवांत पसरती. कळलं का, पुढारी?"

मारुती राधानगरीकडचा पैलवान. त्याच्या तालमीत वस्ताद रोज अंग तपासायचे. गजकर्ण दिसलं की त्या पोराला आखाडा बंद. मारुती आधीच ट्यूब लावून जायचा. अंग स्वच्छ दिसायचं. बघता बघता निम्मी तालीम खाजवू लागली.

बाईंकडे आला तेव्हा गावच्या जत्रेत त्याची पहिली मोठी कुस्ती ठरलेली. बाईंनी कातडी खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकातून त्याला बुरशीचे धागे दाखवले, गोळ्या लिहिल्या. "ट्यूब बंद. बरं होईस्तोवर कुस्ती पण बंद."

आठवड्यानं तो तणतणत आला. अंग लालबुंद. "बाई, वाटोळं केलंसा माझं!"

"पहारेकरी उठल्यात रं. आता भांडणारच की. दम काढ."

"जत्रा थांबती व्हय माझ्यासाठी?"

"न्हाय थांबत," बाई म्हणाल्या. खोटा धीर त्यांनी कधी कुणाला दिला नाही. मला तेव्हा बाईंचा रागच आला.

बाई गेल्या साली वारल्या. लोक त्यांचं निदान आठवतात. मला ती जत्रा आठवते. मारुती सदरा घालून मैदानाच्या कडेला बसला होता. त्याच्या जागी दुसराच उतरलेला. पोरं टोमणे मारत होती, "काय पैलवान, डॉक्टरणीनंच चीत केलं व्हय?" तेवढ्यात दवाखाना बंद ठेवून एसटीनं आलेल्या बाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि त्याच्याशेजारी भुईवर बसल्या. त्या सगळ्या बाप्यांत एकटीच बाईमाणूस.

"तुम्ही कशाला आलासा?" मारुतीनं मान न वळवता विचारलं.

"बस म्हणून मीच सांगितलं की तुला. मग एकट्यानंच बसायचं व्हय?"