पाठकोरे कागद

माझी आत्या स्टेशनजवळच्या एका लॉजच्या काउंटरवर एकोणीस वर्षं बसली. काटकसर तिच्या हाडीमाशी खिळलेली. एका बाजूने छापलेला कागद फेकणं म्हणजे तिच्या लेखी पापच. असे पाठकोरे कागद टाचून ती आम्हा भावंडांना कच्च्या वह्या करून द्यायची. माझी शाळेतली निम्मी गणितं त्याच वह्यांत सुटली. कागद उजेडात धरला की भागाकाराखालून एखादा अनोळखी मिशीवाला माझ्याकडे बघायचा. आम्ही खो खो हसायचो. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

ते चेहरे लॉजवर उतरणाऱ्या प्रवाशांचे होते. ओळखपत्राची झेरॉक्स घेतल्याशिवाय खोली द्यायची नाही, हा नियम. मशीन म्हातारं, पहिली प्रत हमखास फिकी यायची. दुसरी फाईलला लागायची, पहिली आत्याच्या गठ्ठ्यात. आणि लोक तरी काय! गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं हे चारदा विचारतील, पण आपल्या कार्डाचं पुढे काय होतं हे कुणी विचारत नसे.

एकीने विचारलं. दुपारची वेळ, हातात एकच पिशवी. कार्ड तिने काउंटरवर ठेवलं, पण त्यावरचं बोट काही उचलेना.

"द्यायलाच पाहिजे का?"

"नियम आहे, बाई."

"नवा पत्ता आहे यावर. माहेरीसुद्धा सांगितला नाहीये. नवऱ्याला कळला तर..." पुढचं तिने गिळलं. "कोण बघतं हे?"

"कोण्णी नाही. फाईल कपाटात आणि किल्ली माझ्या कमरेला."

फाईलपुरतं ते अगदी खरं होतं. बाईने बोट उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघून गेली. थोड्या वेळाने एका माणसाने आत येऊन दवाखान्याचा रस्ता विचारला. आत्याने सवयीने गठ्ठ्यातला वरचा कागद ओढला आणि नकाशा काढून दिला. घडी घालताना त्याने कागद उलटला, क्षणभर थांबला. मग दोनदा आभार मानून तो कागद नीट पाकिटात ठेवला. तो बाहेर पडला आणि आत्याच्या लक्षात आलं. कालच्या त्या बाईच्या फिक्या प्रतीनंतर गठ्ठ्यावर दुसरा कागद पडलाच नव्हता. ती चपला न घालता रस्त्यावर धावली, पण माणूस दिसला नाही.

असेल कुणी साधा माणूस, आम्ही सगळ्यांनी समजावलं. पण मन चिंती ते वैरी न चिंती. काउंटरवर येणारा प्रत्येक पुरुष आत्याला त्या बाईचा नवरा वाटायचा. रजिस्टरमधल्या नंबरवर तिने फोन केला, तर तो एका गॅरेजला लागला. बाईने नंबर खोटा दिला होता. पत्ता तेवढा खरा, कारण तो आत्यानेच मागून घेतलेला.

आठव्या दिवशी आत्याने कपाट उघडलं, फाईलमधून पत्ता उतरवून घेतला आणि बस पकडली. बाईला सावध करायचं, एवढंच डोक्यात.

दुसरा मजला. दारावर नाव नव्हतं. आत्याने कडी वाजवली तशी आतली टीव्हीची बडबड बंद झाली.

"कोण आहे?"

"मी लॉजवरची. तुम्ही आमच्याकडे उतरला होतात ना..."

"हा पत्ता कुणी दिला तुम्हाला?"

आत्याला खोटं सुचलं नाही. "तुमच्याच कार्डावरून घेतला, बाई."

आत काहीतरी जड सरकवत दाराला लावल्याचा आवाज आला. आत्या बंद दाराशीच बोलत राहिली. नकाशाचं सांगितलं, कागदाचं सांगितलं, माफी मागितली, पुन्हा पुन्हा कडी वाजवली. शेवटी परतीची बस पकडली.

पुढच्या आठवड्यात ती परत गेली. दार सताड उघडं होतं आणि घरमालक भिंतींना रंग लावून घेत होता. भाडेकरू बाई रातोरात गेली म्हणाला, दोरीवरचे कपडेसुद्धा तसेच टाकून.

"कुणी आलं होतं का हो तिच्याकडे?" आत्याने विचारलं. "कुणी पुरुष?"

"छे! पुरुष कसला? शेजारचे म्हणतात, कुणीतरी बाई आली होती. बराच वेळ दार ठोठावत होती म्हणे."