‘मले समजत नाही’ म्हणणारे काकाजी

श्री. नामदेवराव हटवार यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे कारखान्यातले जुने सोबती लिहीत आहेत. त्यांच्या मानाने माझी ओळख थोड्या वर्षांची आणि तीही माझ्या एका चुकीतून झालेली. ती चूक सांगितल्याशिवाय मला काकाजींविषयी लिहिता येणार नाही.

आमचे गाव आंबागडच्या अलीकडे आहे. मी घरातली पहिली पदवीधर. बी.ए.चा निकाल लागला त्याच महिन्यात एक कंपनी गावात आली. तिचे बियाणे लावायचे, सुवासिक धान पिकवायचे आणि ते कंपनीने परदेशात पाठवायचे, असा करार होता. ग्रामसभेत तो कोणी वाचायचा, असा प्रश्न निघाला तेव्हा माझे बाबा उठून म्हणाले, “माही पोरगी वाचन.” त्यांचा आवाज इतका ताठ मी कधी ऐकला नव्हता.

पहिली दोन पाने मराठीत होती. ती मी खणखणीत वाचली. मागचे जोडपत्र बारीक इंग्रजीत होते. आदल्या दिवशी मी ते तीनदा वाचले होते आणि मला ते कळले नव्हते. “बाकी नेहमीचे नियम आहेत,” असे म्हणून मी कागद मिटला.

मागून पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ उठले. जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षे तिकडेच राहिलेले हटवार काकाजी नुकतेच गावी परतले होते, एवढेच मला माहीत होते.

“पोरी, ते मांगचं पान वाच ना.”

“काकाजी, ते कायद्याचं इंग्रजी आहे.”

“म्हनूनच त म्हनतो. मले समजत नाही.”

सभेत हशा पिकला. आमचे शेजारी बाबूराव म्हणाले, “हटवारजी, तुमाले घरचं लाईट बिल समजत नाही, अन् बीए झालेल्या पोरीची परीक्षा घेऊन राहिले!”

“नाही समजत बावा. म्हनून त दर महिन्याले हापिसात जाऊन इचारतो. सही पुढच्या सभेत करू. धान कुठी पळून नाही चाललं.”

सही टळली. माझा चेहरा त्यांनी वाचला होता. पण ते कोणाला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शब्दकोश आणि पेन्सिल घेऊन आमच्या ओसरीवर आले. “मलेबी शिकाचं आहे. दोघं मिळून वाचू.” न समजलेल्या शब्दाखाली ते रेघ मारत आणि ती रेघ खोडल्याशिवाय पुढे जात नसत. मी कंटाळले की म्हणत, “आमच्या शेडमंधी सूचनेचा कागद आधी मोठ्यानं वाचत होतो. एकालेबी समजलं नाही त काम सुरू नाही. तिथं लाज धरली का मानूस गेला.”

आठ दिवसांनी जोडपत्र उलगडले. त्यात दोन गोष्टी होत्या. या धानाचे बियाणे पुढच्या हंगामासाठी घरी राखता येणार नव्हते. आणि वाद झाला, तर निवाडा परदेशातल्या एका शहरात, दोन देशांमधल्या व्यापार कराराप्रमाणे होणार होता. आमच्याकडे घरोघरी बियाणे राखतात, शेजारी मागायला आला तर त्याला देतात. माझ्या एका शब्दावर गाव ते सारे गमावणार होते.

पुढच्या सभेत मी उभी राहिले. “मागच्या वेळी मला समजलं नव्हतं. मी समजल्याचं सोंग केलं.” बाबांनी मान खाली घातली. मग मागून आवाज आला, “आता समजलं ना? मंग वाच.”

मी वाचले. बाबूराव ओरडले, “शेजारी बियानं मांगाले आला त का म्हनू? कंपनीले इचारून ये?”

कंपनीचा प्रतिनिधी भला माणूस होता. बियाण्याचे कलम काढतो म्हणाला. “पण निवाड्याचं आमच्या हातात नाही. ते दोन्ही सरकारांनी ठरवलंय.”

“सरकारनं कोनाले इचारून ठरवलं?” काकाजींनी विचारले.

“आमच्यासारख्या कंपन्यांशी चर्चा झाली होती,” तो सहज म्हणाला.

गावाने सही केली नाही.

परराष्ट्र धोरण म्हणजे दिल्लीतल्या मोठ्या माणसांचा विषय, असे मी तोवर समजत होते. काकाजींनी मला तो आमच्या तलावावर शिकवला. तलावाचे पाणी सोडायचे तर आमच्याकडे आधी बैठक बसते. ज्याच्या बांधीला, म्हणजे धानाच्या वाफ्याला, पाणी सर्वांत शेवटी पोचते, त्याचेही ऐकून घेतात. “एका तलावाले बैठक लागते,” ते म्हणाले, “मंग देशाच्या कराराले काहून नाही?” त्यांची मागणी एवढीच आहे: परदेशाशी होणारा प्रत्येक करार सहीआधी संसदेत यावा, लोकांच्या भाषेत यावा आणि तो ठरवताना कोणत्या कंपन्या सरकारला भेटल्या, काय मागून गेल्या, ते जाहीर व्हावे. व्यापाराला त्यांचा विरोध नाही. बंद दाराला आहे.

यासाठी ते दर अधिवेशनाआधी खासदारांना पत्र लिहितात. आजवर उत्तर आलेले नाही. एकदा फक्त पोच आली. मी हिरमुसले, तर ती जपून ठेवत म्हणाले, “पोचलं त खरं!” दहावीनंतर आयटीआय केलेला हा माणूस देशाच्या कारभाराला इतक्या शांतपणे प्रश्न विचारतो, याचे मला आजही नवल वाटते. एवढे धैर्य कुठून येते, हे मला अजून पुरते समजलेले नाही. हे वाक्य आता मी न लाजता लिहू शकते, तेही त्यांच्यामुळेच.

मागच्या महिन्यात कोणीतरी वनखात्याचा कागद घेऊन आमच्या दारी आले. बाबा पुन्हा तसेच ताठ आवाजात म्हणाले, “माही पोरगी वाचन.” आणि थांबून पुढे म्हणाले, “नाही समजलं त तसं सांगन.”

काकाजी, कधीतरी असा एखादा करार सहीआधी मराठीत आपल्या ग्रामसभेत येईल. तो मी वाचेन. त्या दिवशी ठणठणीत तब्येतीने आपण मागच्या रांगेत असावे आणि मी घाईने पान उलटू लागले की उठून मला थांबवावे. तेवढे आयुष्य आपल्याला लाभो, आणि त्यानंतरचेही पुष्कळ.