मागच्या काचेचा वायपर

"जोर नाय बाई, येळ द्या," असं म्हणून मिस्तरी हातातला पाना खाली ठेवायचे आणि खुशाल बसून राहायचे. समोर गिऱ्हाईक ताटकळलंय, याचं त्यांना काही नसायचं.

बोईसरहून पाम गावाकडे जाताना पत्र्याची एक शेड लागते. तुमच्यापैकी कुणी त्या रस्त्याने गेलं असेल, तर तिच्याबाहेर उपड्या डब्यावर बसलेला एक किडकिडीत म्हातारा नक्की पाहिला असेल. तेच मिस्तरी. घर मच्छीमारांचं. बोटीची इंजिनं दुरुस्त करता करता ते गाड्यांकडे वळले होते.

मी पन्नाशीला टेकल्यावर गाडी शिकले. पालघरहून वाणगावच्या शाळेत स्वतः गाडी चालवत जाते, याचं मला कोण कौतुक! पण पहिल्याच पावसाळ्यात मागचा वायपर अडकला, काच चिखलाने माखली आणि गाडी मागे घेताना मी ती आमच्याच फाटकावर घातली. "विकून टाकू ही गाडी," ह्यांनी जाहीर केलं. शोरूमवाले म्हणाले, मोटरच बदलावी लागेल, आणि ती यायला महिना-दोन महिने. तोवर ह्यांनी गिऱ्हाईक शोधलं असतं. म्हणून मी कुणीतरी सांगितलं तशी मिस्तरींकडे गेले.

त्यांनी मला बटण दाबायला लावलं आणि डिकीच्या दाराला कान टेकला. "मोटर बोलते. ती चांगली हाय. दांडा गंजलाय. खारं वारं हाय ना आपलं." मग एका बाटलीतून त्यांनी दांड्याच्या बुडाशी तांबूस थेंब सोडले आणि डब्यावर जाऊन बसले.

तास झाला. "हातोडीने जरा ठोकलं तर?" मी विचारलं.

"तुमी शाळेत शिकवता ना? तिथं पोरांना ठोकता काय?" एवढंच ते म्हणाले. मी ओशाळून दुसऱ्या डब्यावर बसले.

आणखी थोड्या वेळाने त्यांनी दोन बोटांनी दांडा अलगद फिरवला आणि तो फिरला. मी एखाद्या पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. गाडी वाचली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारातली तीन मांजरं डिकीभोवती येऊन बसली. बाटलीत माशाचं तेल होतं, होडीच्या फळ्यांना चोळतात ते! आमच्या शाकाहारी घरात काय गहजब झाला असेल, तुम्हीच कल्पना करा. हे आठवडाभर नाकाला रुमाल लावून गाडीत बसत होते. मी तक्रार घेऊन गेले, तर मिस्तरी म्हणाले, "आज्यापासून होडीला चालतंय. वायपरला का नाय चालणार?"

खरंतर चालत नव्हतं. वर्षभरात ते तेल सुकून चिकट व्हायचं आणि वायपर पुन्हा अडायचा. दांडा काढून, घासून साधं ग्रीस भरलं की कायमचं काम होईल, असं मला पालघरच्या एका मेकॅनिकने सांगितलं होतं. मी ते मिस्तरींना कधी सांगितलं नाही. दर मे महिन्यात गाडी घेऊन त्यांच्याकडे जात राहिले. ते थेंब सोडायचे, मग आम्ही चहा घेत आपापल्या डब्यावर बसायचो. घरी आणि शाळेत सगळे माझ्या मागे घाई लावून असायचे. तिथे कुणालाच घाई नसायची. मला तो तास हवा असायचा.

यंदा गेले तर शेड बंद. मागच्या घरातून त्यांची बायको बाहेर आली. "होळीच्या आधीच गेले," ती म्हणाली. मग आत जाऊन तिने ती बाटली आणून माझ्या हातात दिली. "बाई येतील, त्यांना दे, बोलले होते."

घरी येऊन मी दांड्याच्या बुडाशी थेंब सोडले आणि पायरीवर बसले. शेजारचं मांजर आलं. थोड्या वेळाने हेही बाहेर आले आणि रुमाल न लावता माझ्याशेजारी बसले.

"ठोकू का जरा?" ह्यांनी हळूच विचारलं.

"जोर नाय," मी म्हटलं. "येळ द्या."