अक्कांच्या शुभहस्ते

सोनगीरहून शिंदखेड्याकडे जाताना लागणाऱ्या त्या गावात एक माध्यमिक शाळा होती, आणि शाळेत शिपाई म्हणून एकच माणूस होतं, ताईबाई. तिचा नवरा अभिमन फौजेत होता. शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला गेला आणि अठ्ठ्याऐंशी साली परत आला तो कलशातून. संस्थेचे चेअरमन लोटननाना यांनी महिन्याच्या आत ताईबाईला शाळेत लावून घेतलं. पुढची पाच वर्षं नाना जिथे जिथे चहा प्यायले तिथे तिथे ही गोष्ट सांगत आले. उपकार करावा आणि विसरावा म्हणतात. नानांना पहिलं अर्धंच पाठ होतं.

नोकरी म्हणजे काय, तर वर्ग झाडायचे, रांजण भरायचे, तासाचे टोल द्यायचे आणि हेडमास्तरांचा डबा त्यांच्या घरून आणायचा. उन्हाळ्यात नानांच्या ओसरीवर पापड लाटायचे ते वेगळंच. त्याला नोकरी म्हणत नसत, घरोबा म्हणत.

वर्षातून एक दिवस मात्र ताईबाईची वीरपत्नी व्हायची. त्या दिवशी शाळेचा शहीद स्मृतिदिन असे. अभिमन गेला आश्विनात, पण आश्विनात गावची निम्मी पोरं कापूस वेचायला शेतात. मांडव भरत नाही म्हणून नानांनी स्मृतिदिन फाल्गुनावर ढकलला. मेलेल्या माणसाची कुठे तक्रार असते!

गावचे दोघे एकाहत्तरच्या लढाईतही पडले होते. त्यांचे फोटो कुणाकडेच नव्हते, म्हणून पुठ्ठ्यावर त्यांची नावं लिहून ठेवत. चेहरा असा एकट्या अभिमनचा, आणि तो फोटोही ताईबाईच्या घरचा. एक प्रत काढून घ्यावी एवढंही शाळेला पाच वर्षांत सुचलं नव्हतं.

स्मृतिदिनाच्या पहाटे ताईबाईच पटांगण झाडायची, सडा घालायची, चिंच लावून समई लख्ख करायची, वाती वळायची. मग घरी जाऊन अंघोळ करून यायची आणि स्टेजवरच्या खुर्चीत बसायची. शाल, नारळ, टाळ्या. समई मात्र लावायची नानांच्या बायकोनं, अक्कांनी. भर कार्यक्रमात सवाष्णीचाच हात हवा. मागच्या वर्षी तर ताईबाई समईजवळून गेली तेव्हा अक्कांनी आपला पदर आवरून घेतला. ते ताईबाईला फार लागलं. वर्षभर लागत राहिलं.

म्हणून त्र्याण्णव साली तिनं हिय्या केला. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी ऑफिसात जाऊन ती हेडमास्तरांना म्हणाली, "सर, यंदा समई माले लावू द्या. मना मानूससाठे दिवा मना हातनी लागू द्या. दुसरं काही नको."

"माझं काही म्हणणं नाही, ताईबाई," हेडमास्तर म्हणाले. या एका वाक्यावर त्यांनी तीस वर्षं नोकरी काढली होती. "पण नानांना विचारायला हवं."

नाना तिथेच पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न घेताच ते म्हणाले, "असं कसं चाली, बाई? दिवा सवाशीनच लावस. तुले शाल देतस, खुर्ची देतस. आखो काय पाहिजे?"

"नाना, तो मरना म्हनीसन कार्यक्रम शे. नि तो मरना म्हनीसनच मना हात चालत नही. हाई कसं?"

अडलं की नाना रीत काढत. "रीत शे ती," ते म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

स्मृतिदिनाला फाल्गुनाचं वारं पटांगणात मोकाट सुटलं होतं. नऊपासून पोरं उन्हात बसलेली. साडेअकराला नाना आणि अक्का आले. अक्कांच्या अंगावर जरीची साडी, हातात मेणबत्ती. पहिली वात लागली आणि विझली. दुसऱ्यांदा लागली, विझली. तिसऱ्यांदा तर मेणबत्तीच गेली. बायकांच्या घोळक्यात कुजबुज सुरू झाली, कुणी अपशकुन म्हणालं. नानांनी डोळे वटारले, ते वाऱ्याला कुठले दिसायला! मग हेडमास्तर माइकपासून तोंड वळवून हळूच म्हणाले, "ताईबाई, जरा बघा हो."

आता गंमत बघा. विधवेचा हात चालत नव्हता, पण शिपायाचा चालत होता. हात तोच होता, सकाळी त्यानंच त्या वाती वळल्या होत्या.

ताईबाई खुर्चीतून उठली. खांद्यावरची शाल तिनं वाऱ्याच्या बाजूला आडवी धरली, वाती वर ओढल्या, काडी ओढली. पाचही वाती लागल्या आणि टिकल्या. समोर अभिमनचा फोटो. वातींचा उजेड काचेवर पडला. कसा का होईना, दिवा आपल्या हातानं लागला, एवढंच तिच्या मनात आलं. तेवढ्यावर ती खुशीनं खुर्चीत जाऊन बसली असती. वर्षभराचं सगळं तिनं तिथेच सोडून दिलं असतं.

पण हेडमास्तरांना गप्प राहवेना. माइकवरून त्यांचा आवाज घुमला, "आदरणीय नानासाहेबांच्या सुविद्य पत्नी अक्कासाहेब यांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन संपन्न झालेलं आहे. जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. शिंदखेड्याहून आणलेला फोटोग्राफर पुढे झाला. "बाई, तुम्ही बाजूला व्हा. अक्का, मेणबत्ती धरा. हां, अशी." अक्कांनी विझलेली मेणबत्ती जळत्या वातीला लावून धरली आणि त्या हसल्या. आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात तर त्या अशा.

ताईबाई बाजूला झाली. पाच वर्षं होत आली तशीच झाली. पण या वेळी ती खुर्चीकडे वळली नाही. ती टेबलाकडे गेली, अभिमनच्या गळ्यातला झेंडूचा हार काढून तिथेच ठेवला, शालही घडी करून त्याच्याशेजारी ठेवली आणि फोटो उचलून काखेत घेतला.

"काय करी राहिनी तू?" नाना ओरडले. माइक चालू होता, सगळ्या गावानं ऐकलं.

ताईबाई थांबली. आवाज न चढवता म्हणाली, "दिवा अक्कानी लावा ना? मंग तो तुमना. ठेवा तुमी. मानूस मना शे. त्याले मी घर लई जास."

आणि ती पायऱ्या उतरून, पोरांच्या दोन रांगांच्या मधून, फाटकाबाहेर निघून गेली. तिला अडवायला शिपाई पाठवावा, तर शाळेत दुसरा शिपाई नव्हता.

हेडमास्तरांनी नानांकडे पाहिलं. नानांनी गर्दीकडे पाहिलं. कार्यक्रमपत्रिकेत पुढे चेअरमनसाहेबांचं भाषण होतं, तेव्हा नाना उठले. भाषण हेडमास्तरांनी लिहून दिलेलं, आणि कागदाबाहेर बोलायची नानांना सवय नव्हती. चष्मा सावरून त्यांनी पहिलं वाक्य वाचलं, "बालमित्रांनो, समोरच्या या तेजस्वी चेहऱ्याकडे एकदा डोळे भरून पाहा."

पोरांनी मान वळवून फाटकाकडे पाहिलं.