बासुंदी सांडलेली गाडी

मुलुंड पूर्वेच्या सहजीवन सोसायटीत चौतीस गाड्या आहेत. एकोणीस वर्षं त्या सगळ्या चंद्रप्रकाश घाडी धूत होता. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पार्किंगच्या उतारावर, स्वतःच सांडलेल्या साबणाच्या पाण्यावरून, भरल्या बादलीसकट त्याचा पाय घसरला. कमरेचं ऑपरेशन झालं. यापुढे ओझं उचलायचं नाही, वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. भांडुपच्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला, तेव्हा त्याची बायको शेवंती एके दिवशी सकाळी सहा वाजता त्याची फडकी आणि बादली घेऊन सोसायटीच्या फाटकात उभी राहिली.

शेवंतीचं वय बावन्न. तिचे वडील कणकवलीकडून आलेले गिरणी कामगार. गिरणी बंद पडली आणि घर भांडुपला आलं. एकोणिसाव्या वर्षी शेवंती स्टेशनजवळच्या एका डेअरीत कामाला लागली आणि पुढची सव्वीस वर्षं तिने दुधाच्या किटल्या धुतल्या. तबेल्यांतून चाळीस-चाळीस लिटरच्या किटल्या यायच्या. रिकामी झालेली प्रत्येक किटली शेवंतीच्या हाताखालून जायची. मालकाच्या मुलांनी दुकान विकलं, तिथे मोबाईलचं दुकान आलं आणि शेवंती घरी बसली.

ती निघाली त्या सकाळी चंद्रप्रकाशने तिला अडवून पाहिलं होतं.

"गाडी म्हणजे काय किटली नाय गो," तो म्हणाला.

"किटलीच ती," शेवंती पायात चपला सरकवत म्हणाली. "आत दुधाच्या बदल्यात माणसां बसतत, इतकाच."

सोसायटीत मात्र तिचं येणं सगळ्यांना रुचलं नाही. शेजारच्या बिल्डिंगच्या गाड्या धुणारे पोरगे कुंपणापलीकडून बघून हसायचे. सेक्रेटरी नंदकिशोर ठक्कर तोंडावर काही बोलले नाहीत. पण आठवड्याभराने त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं. बाईमाणसाने बोनेटवर ओणवं होऊन गाड्या पुसणं लोकांना बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. टी-शर्ट घातलेली माणसं मशिनं देऊन पाठवणारी एक एजन्सी त्यांनी बघून ठेवली होती. दिवाळीनंतर ती येणार. तोवर शेवंतीने काम करायला हरकत नव्हती.

शेवंती मान हलवून बाहेर आली. त्या दिवशी तिने चौतीस गाड्यांच्या काचा दोनदा पुसल्या.

सी विंगमध्ये श्रुतिका राजे नावाची दातांची डॉक्टर राहते. दसऱ्याला ती भावाकडे बोरिवलीला निघाली होती. मागच्या सीटवर अडीच लिटर बासुंदीचा डबा होता. घोडबंदर रोडवर पुढची रिक्षा अचानक थांबली, श्रुतिकाने ब्रेक दाबला आणि डबा उलटला. तिने तिथल्या तिथे टिश्यूने पुसलं. घरी आल्यावर गरम पाण्याने सीट घासली. दुसऱ्याच दिवशी ती कॉन्फरन्सला नाशिकला गेली आणि गाडी चार दिवस ऑक्टोबरच्या उन्हात काचा बंद करून उभी राहिली.

परत येऊन तिने दार उघडलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

मग गाडी एका मोठ्या वॉशिंग सेंटरला जाऊन आली. तिथे फेस मारला, वाफ मारली, डॅशबोर्डवर लिंबाच्या वासाची बाटली चिकटवली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी आंबट, कुबट वास पुन्हा उठला आणि आता त्यात लिंबूही मिसळलं होतं. गाडी परत पाठवली, परत तेच झालं. श्रुतिका दवाखान्यात रिक्षाने जाऊ लागली. गाडी विकायला काढली तर बघायला आलेल्या माणसाने दार उघडलं, डोकं आत घातलं, दार लावलं आणि तो लिफ्टकडे न जाता सरळ फाटकाकडे चालू लागला.

शेवंतीला हा वास पहिल्याच दिवशी बाहेरून आला होता. रबराच्या पट्टीपाशी काच पुसताना ती थबकली होती. पण आपण बोलावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. गाडी विकायला काढल्याचं वॉचमनकडून कळलं, तेव्हा मात्र ती श्रुतिकाच्या दारात गेली.

"मॅडम, सांडल्यावर गरम पाणी घातलंत ना?" तिने विचारलं.

श्रुतिका चकित झाली. शेवंतीने तिला समजावलं की दुधावर गरम पाणी पडलं की ते शिजून कपड्यात बसतं आणि मग निघता निघत नाही. किटलीलाही आधी गारच पाणी लागतं. वास येतोय म्हणजे दूध अजून गाडीत कुठेतरी आहे. जिथे आहे तिथपर्यंत कुणी पोचलेलं नाही. दोन दिवस गाडी दिलीत तर मी बघते, असं ती म्हणाली.

ठक्कर तेव्हा जिन्यातून उतरत होते. ते थांबले. एवढ्या मोठ्या सेंटरला जमलं नाही ते या बाईला काय जमणार, आणि आत काही मोडलं तर जबाबदार कोण, असं त्यांनी श्रुतिकाला विचारलं. श्रुतिका त्या वासाने वैतागलेली होती. ती म्हणाली, गाडी माझी, जबाबदार मी. मग म्हणाली, की शेवंतीमावशींना हे जमलं तर एजन्सी आणायची नाही, बोला. ठक्कर हसले. बरं, म्हणाले.

शेवंतीने सामान मागून घेतलं. पांढरं व्हिनेगर, खाण्याचा सोडा, भांड्यांचा साबण, पीठ चाळायची जुनी चाळणी, जुने टॉवेल, आठवड्याचे पेपर. श्रुतिकाने दवाखान्यात कंपन्यांकडून आलेले डझनभर टूथब्रश आणि टूथपेस्टच्या ट्यूब आणून दिल्या.

पहिल्या दिवशी शेवंतीने मागची सीट धरली. गार पाण्यात साबणाचे दोन थेंब घालून ब्रशने शिवणी घासल्या. टॉवेल दाबून पाणी टिपलं, परत घासलं, परत टिपलं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून, चिमट्याने अडकवून धुतला. तीन तास गेले. उन्हात दारं उघडी ठेवली आणि सीट सुकल्यावर चाळणीने सोडा भुरभुरला. संध्याकाळी सोडा झटकून काचा लावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर वास होताच. कमी होता, पण होता. फेरफटका मारून परतणाऱ्या ठक्करांनीही तो घेतला आणि नाकाला रुमाल लावून ते पुढे गेले.

ती थोडा वेळ बादलीवर बसून राहिली. सव्वीस वर्षांत वास राहिलेली एकही किटली तिने परत पाठवलेली नव्हती. मग ती उठली. गाडी उन्हात होतीच. आत बसून तिने चारी दारं लावून घेतली. पाच मिनिटांत घामाने ब्लाउज पाठीला चिकटला. वास जसजसा तापत गेला तसतशी ती त्याच्या मागे गेली. मागच्या सीटपाशी तो फिका होता, पायापाशी दाट, आणि पुढच्या डाव्या सीटच्या पाठीमागे, खाली नाक नेल्यावर, सगळ्यात उग्र. आणि तिला लख्ख कळलं. ब्रेक लागला तेव्हा बासुंदी पुढे धावली होती. ती गाडीच्या तळाला अंथरलेल्या सतरंजीवरून तिच्याखाली गेली होती.

पण गाडीची सतरंजी उचलायची कशी, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने घरी व्हिडिओ कॉल लावला. चंद्रप्रकाश भिंतीकडे तोंड करूनच बोलू लागला. मग तिने फोन गाडीच्या आत फिरवला आणि तो हळूहळू कुशीवर वळला. तक्क्याला टेकून बसला. त्याचा आवाज बदलला.

"दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी बघ. धर आणि सरळ वर वढ. घाबरू नको, आवाज येतलो, ती मोडना नाय. आता सीट पूर्ण फुडे घे. आणि खाली पिवळी वायर दिसता ना? ती एअरबॅगची, तिका हात लावू नको आणि पाणी तर अजिबात नको."

पट्टी कडकड करत निघाली. शेवंतीने पिवळ्या वायरीवर प्लास्टिकची पिशवी अलगद पसरली आणि सतरंजीची कड वर केली. खाली जाड नमद्यासारखा, दाबून बसवलेल्या लोकरीसारखा थर होता आणि त्यावर पसाभर पिवळट साय जमून बसली होती. त्यात चारोळ्या होत्या. पिस्त्याचे काप होते. सगळं तीन आठवड्यांचं.

"गावला," ती फोनमध्ये म्हणाली.

पलीकडे चंद्रप्रकाश हसला. ऑगस्टपासून पहिल्यांदा.

पुढचं काम तिच्या हाताला माहीत होतं. चमच्याने साय खरवडून काढली. गार पाण्याने नमदा थोडा थोडा भिजवायचा आणि टॉवेल अंथरून, त्यावर उभं राहून पाणी शोषून घ्यायचं. सात वेळा केलं. सातव्यांदा टॉवेलमधून स्वच्छ पाणी पिळलं गेलं. मग व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन फडक्याने पुसलं. सोडा तेव्हा लावला नाही. दोन्ही एकत्र आलं की नुसता फेस होतो आणि दोघांचाही गुण जातो. सतरंजीखाली दोन स्टीलचे डबे घालून ती उचलून धरली, वॉचमनच्या केबिनमधून लांब वायर ओढून टेबलफॅन लावला. उन्हाची तिरीप सरकेल तसं वॉचमनला विनवून गाडी ढकलवली.

आतलं सुकत होतं तोवर तिने बाहेरून हात घातला. विकायला काढल्यापासून आठवडाभर न धुता झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीवर पाखरांची घाण आणि चीक वाळला होता. ओल्या फडक्याने तो अर्धा तास भिजत ठेवला, म्हणजे खरवडावं लागत नाही. मग केसांच्या शाम्पूच्या दोन पुड्या बादलीत घालून, वरून खाली धुवत आली. भांड्यांचा साबण रंगाची चमक खातो, म्हणून बाहेर तो लावायचा नाही, हे चंद्रप्रकाशचं शिकवणं. चाकांजवळचे डांबराचे ठिपके खोबरेल तेलाने सुटले. पिवळ्या पडलेल्या दिव्यांना टूथपेस्ट चोळून तिने पाण्याने धुतलं तर ते आरपार दिसू लागले. शेवटी व्हिनेगरच्या पाण्याने आणि पेपरच्या बोळ्यांनी काचा.

ऊन उतरायला आलं तेव्हा नमदा हाताला कोरडा लागला. तिने त्यावर सोडा चाळला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी सोडा झाडूने काढला, सतरंजी बसवली, पट्टी उंबऱ्यावर दाबली. ती खटकन बसली. मग तिने सगळ्या काचा लावल्या, किल्ली श्रुतिकाच्या हातात दिली आणि सांगितलं की आत्ता उघडू नका. बारा वाजेपर्यंत उन्हात राहू दे. वास असेल तर तो तेव्हा लपणार नाही.

बारा वाजता श्रुतिका खाली आली. ठक्करही आले. वॉचमन आला, दोन-चार बायका बाल्कनीत उभ्या राहिल्या. श्रुतिकाने दार उघडलं आणि सवयीने श्वास रोखून धरला. मग सोडला. मग खोल घेतला.

ठक्करांनी तिला थांबायला सांगितलं. ते स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसले आणि दार लावून घेतलं. काचेतून त्यांचं डोकं खाली वाकलेलं दिसलं. ते पुढच्या सीटखाली हुंगत होते. शेवंती पदराला हात पुसत उभी होती.

ठक्कर बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता.

"काहीच नाही," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा हुंगून, "गाडीचा वास येतोय. नव्या गाडीचा."

बाल्कनीतून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. शेवंतीला कुठे बघावं ते कळेना, म्हणून तिने आरशावरचा एक डाग पुसला. तिथे डाग नव्हता.

ठक्करांनी एजन्सीला तिथूनच फोन केला. फोन ठेवल्यावर ते जरा जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले की त्यांचा नातू लोणावळ्याच्या घाटात गाडीत ओकला होता, गेल्या मे महिन्यात. शेवंती म्हणाली, उद्या सकाळी किल्ली ठेवून द्या.

त्या दुपारी श्रुतिकाने शेवंतीला पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी भांडुपला नेली. अर्धी चाळ बाहेर आली. चंद्रप्रकाश काठी टेकत, एका हाताने भिंत धरत खाली उतरला. आधी त्याने गाडीला एक फेरी मारली. दिव्यांवरून बोट फिरवलं. चाकाशी वाकता येत नव्हतं, म्हणून मान वाकडी करून बघितलं. मग आत बसला.

श्रुतिकाने विचारलं, "काका, एसी लावू का काच उघडू?"

"काय एक नको," तो म्हणाला. "बंदच ऱ्हवांदे वाईच."

आज शेवंतीकडे सहजीवनच्या चौतीस आणि शेजारच्या बिल्डिंगच्या सतरा गाड्या आहेत. जानकी आणि मिथुनची आई अशा चाळीतल्या दोघीजणी तिच्या हाताखाली आहेत. आतलं काम शेवंती करते. चंद्रप्रकाश रोज सकाळी रिक्षाने येतो, पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसतो आणि कुठली पट्टी कुठून निघते ते दोघींना सांगतो. मधूनच ओरडतो. शेवंती त्याच्याकडे लक्ष देत नाही, तिचं डोकं कुणाच्या तरी सीटखाली असतं.